जात्यापासून लातूर पॅटर्नपर्यंत : आपण शिकत आलो कसे?



मागच्या महिन्यात आमच्या एका बचत गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी आली. शेळीसाठी नाही, शिलाई मशीनसाठी नाही. एका ताईला आपल्या मुलीची चाचणी करून घ्यायची होती. मुलीच्या दहाही बोटांचे ठसे द्यायचे, त्यावरून ती ‘डोळ्यांनी शिकणारी’ आहे, ‘कानांनी शिकणारी’ आहे की ‘हातांनी शिकणारी’, हे कळतं, आणि मग तिला तसाच अभ्यास द्यायचा, असं तिला कुणीतरी पटवून दिलं होतं. फी तीन हजार रुपये. मुलगी नववीत, गणितात मागं पडलेली. आई रोजंदारीवर जाणारी.

गटात दोन तट पडले. “लेकराचं भलं होत असेल तर द्या,” असं काहीजणी म्हणाल्या. “हात बघणारा ज्योतिषी काय वाईट होता मग?” असं एक आजी म्हणाल्या. शेवटी सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी समन्वयक, त्यात बी.ए. झालेली. पण मला तिथल्या तिथं उत्तर देता आलं नाही. पुढच्या बैठकीपर्यंत वेळ मागून घेतला.

बी.ए.ला माझा विषय इतिहास होता. म्हणून मी ठरवलं की आधी मागं वळून बघू. आपल्या नांदेड-लातूरकडची माणसं आजवर शिकली कशी? ज्याला जसं जमतं तसं शिकवावं, हा विचार आपल्याकडं नवा आहे का? त्यातून जे हाती लागलं, ते आज तुम्हाला सांगते.

सुरुवात पाठांतरापासून करू, कारण सगळ्यात जुनी वाट तीच. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी महानुभाव पंथाची शिकवण मराठीत दिली. बायाबापड्यांना कळावं, हा त्यामागचा आग्रह होता. त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी शिष्यांकडून ऐकून गोळा केल्या आणि ‘लीळाचरित्र’ तयार झालं. पुढं धामधुमीच्या काळात ती मूळ पोथी गेली. तेव्हा ज्यांना ते पाठ होतं, त्यांच्या आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. त्यात हिराइसा या शिष्येच्या पाठाचं नाव पंथात आजही घेतलं जातं. आपल्या नांदेड जिल्ह्यातलं माहूर हे महानुभावांचंही तीर्थ. माहूरला जाल तेव्हा एवढं आठवा, की मराठीतला आद्य गद्यग्रंथ टिकला त्यात एका बाईच्या स्मरणशक्तीचा वाटा होता.

हीच वाट पुढं जात्यावर आली. दळताना म्हटलेल्या ओव्या कुणी वहीत उतरवून पाठ केल्या नव्हत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. विचार करा, यातल्या कितीजणी शाळेत गेल्या असतील? पण आई म्हणायची, लेक साथ द्यायची, चुकलं तर आई तिथंच सुधारायची. उद्या पुन्हा दळण, पुन्हा ओवी.

हिशेबाचंही तसंच होतं. जुन्या गावठी शाळांत नुसते दोन ते तीसचे पाढे नव्हते, तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे होते. सूर लावून, सगळ्यांनी एकदम म्हणायचे. अशा पाढ्यांवर वाढलेला माणूस बाजारात सव्वा शेराचा भाव तोंडी काढायचा. यात एक उणीवही होती. पाढा पाठ असायचा, पण तो का असा, हे कुणी समजावून सांगेलच असं नव्हतं. आणि शाळेची ही पाटी मुलींच्या हातात फारशी येतच नव्हती.

आता दुसरा टप्पा. १९४८ पर्यंत आपला मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राजभाषा उर्दू. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, त्याचं माध्यम उर्दू. देशी भाषेत उच्च शिक्षण देणारं विद्यापीठ म्हणून त्याचं मोल आहेच. पण नांदेडच्या किंवा उदगीरच्या ज्या घरात मराठी बोलायचे, त्या घरातल्या लेकराला वरच्या वर्गात गेलं की गणितही उर्दूत आणि भूगोलही उर्दूत. घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी. असं लेकरू वर्गात गप्प बसलं तर मास्तर काय म्हणणार? ‘मंद आहे.’ खरं तर अडचण त्याच्या डोक्यात नव्हती, भाषेत होती.

हे ओळखून आपल्या भागात मराठी माध्यमाच्या राष्ट्रीय शाळा निघाल्या. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ सालची. तिथं पुढं मुख्याध्यापक झाले ते स्वामी रामानंद तीर्थ. १९३५ पासून त्यांनी अंबाजोगाईला योगेश्वरी संस्थेचं काम उभं केलं. हेच स्वामीजी पुढं हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मोकळे झालो आणि १९५० मध्ये स्वामीजींच्याच पुढाकारानं नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झालं. लढा संपला की पहिलं काम शाळा-कॉलेजाचं, असं त्या पिढीला वाटत होतं.

या टप्प्यानं मला एक गोष्ट शिकवली. लेकरू मागं पडलं की त्याच्यात काय कमी आहे हे शोधण्याआधी, शिकवणं त्याच्या भाषेत आणि त्याच्या परिस्थितीला धरून आहे का, हे बघायचं.

याच पीपल्स कॉलेजशी तिसरी गोष्ट जोडलेली आहे. नरहर कुरुंदकर हे नाव नांदेडमध्ये माहीत नाही असं घर विरळा. ते १९३२ साली जन्मलेले, मूळ गाव वसमतजवळचं कुरुंदा. हैदराबादला मामांकडं राहून शिकायला होते. प्रचंड वाचन. पण हाच माणूस इंटरच्या परीक्षेत एकदा नव्हे, अनेकदा नापास झाला. पदवी नसतानाच नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक झाले. पुढं बी.ए., एम.ए. केलं, पीपल्स कॉलेजात प्राध्यापक झाले आणि १९७७ मध्ये तिथलेच प्राचार्य. इतिहास, साहित्य, राजकारण, संगीत, नाट्यशास्त्र अशा कितीतरी विषयांवर त्यांनी लिहिलं. त्यांचं व्याख्यान ऐकायला गावोगाव गर्दी व्हायची. १९८२ साली औरंगाबादला एका कार्यक्रमात व्यासपीठावरच त्यांचं निधन झालं.

त्यांच्या वेळी कुणी ठसे घेऊन ‘हा बोलून शिकणारा’ असं प्रमाणपत्र दिलं असतं तर? मला वाटतं, काही उपयोग झाला नसता. वाचायचं, मित्रांबरोबर वाद घालायचा, दुसऱ्याला समजावून सांगायचं, पुन्हा वाचायचं, असं हे सगळं मिळून ते शिकणं होतं. आणि नापास झाला म्हणून ज्यांनी त्यांना मोडीत काढलं नाही, शाळेत शिकवायला उभं केलं, त्यांचाही त्यात वाटा आहे.

पण नापास होणाऱ्या प्रत्येकाला असं कोण सांभाळतं? साध्या घरातल्या पोरीला एकदा नापास झाली की लग्नाशिवाय दुसरी वाट दाखवली जात नाही. म्हणून परीक्षा पास होणं हीसुद्धा आपल्यासाठी हक्काची गोष्ट आहे. आणि इथंच लातूर पॅटर्न येतो.

लातूर जिल्हा झाला ऑगस्ट १९८२ मध्ये. दयानंद शिक्षण संस्था त्याआधीची, १९६१ सालची. राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० चं. प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि त्यांच्यानंतर प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांच्या काळात तिथल्या अकरावी-बारावीच्या अभ्यासाला एक शिस्त आली. पुण्या-मुंबईच्या मुलांच्या बरोबरीनं लातूरची मुलं बोर्डाच्या गुणवत्ता यादीत झळकायला लागली, तेव्हा लोकांनी त्याला ‘लातूर पॅटर्न’ नाव दिलं.

त्यात जादू नव्हती. अभ्यासक्रम वेळेआधी संपवायचा. मग सराव परीक्षा, त्याही एक-दोन नव्हे, सतत. पेपर लवकर तपासून मुलाच्या हातात द्यायचा, चूक कुठं झाली ते दाखवायचं, पुन्हा परीक्षा. सुट्टीतही वर्ग. शिक्षक कॉलेजातच मुलांसाठी जास्तीचा वेळ देणारे. खेड्यातून आलेल्या, ज्याच्या घरात कुणी दहावी झालेलं नाही अशा पोराला पुस्तक वाचून ‘मला आलं’ असं वाटायचं, आणि सराव परीक्षा त्याला दाखवून द्यायची की अजून आलेलं नाही.

त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जे कॉलेजच्या वर्गात चालायचं, ते पुढं मोठ्या प्रमाणात खासगी क्लासेसकडं गेलं. लातूर काय आणि नांदेड काय, खोल्या, मेस, अभ्यासिका यांचे अख्खे भाग उभे राहिले. खर्च वाढला. आमच्या गटांमध्ये मी बघते, एकाच लेकराला लातूरला ठेवणं झेपत असेल तर ते लेकरू बहुतेक वेळा मुलगा असतो. शिवाय डॉक्टर-इंजिनिअरच्या दोन प्रवेश परीक्षांना जे लागतं तेवढंच शिक्षण, असं वाटायला लागलं. ज्याला ते जमत नाही, तो पुन्हा ‘मंद’.

आता याच लातूरमधली एक शाळेबाहेरची गोष्ट. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्याकडं कुणी विसरणार नाही. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे ८ हजार माणसं गेली. माळवदाची जड छपरं आणि दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. नंतर सरकारच्या पुनर्वसनात घरं दुरुस्त करून मजबूत करण्याचं मोठं काम निघालं. त्यात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेमार्फत गावागावांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ नेमलं गेलं. आपल्या घरकामापलीकडं कधी न गेलेल्या कितीतरी जणी त्यात होत्या. भिंतीत आरपार जाणारा दगड कुठं बसवायचा, कोपरे कसे बांधून घ्यायचे, माळवदावरचं मातीचं ओझं कसं कमी करायचं, हे त्या शिकल्या आणि गावाला सांगायला लागल्या. कशा शिकल्या? प्रत्यक्ष भिंतीपाशी उभं राहून, हात लावून, गवंड्याला प्रश्न विचारून.

आता या सगळ्या गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघा. जात्यावर ओवी कानानं शिकणारी बाई भिंत हातानं शिकते. तीच बाई बँकेत सही लिहून-लिहून शिकते. मग ती कोणत्या प्रकारची? कानाची, हाताची की डोळ्याची? तिन्ही. वाट बदलली ती कामाप्रमाणं. ओवीला सूर लागतो, भिंतीला हात लागतो, सहीला पाटी-पेन्सिल लागते.

जगातल्या अभ्यासकांनीही हे तपासलं आहे. १९८३ साली अमेरिकेतल्या हॉवर्ड गार्डनर यांनी मांडलं की बुद्धी एकाच प्रकारची नसते. भाषेची, गणिताची, संगीताची, शरीराच्या हालचालींची अशी अनेक प्रकारची असते. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांनी पाहून, ऐकून, वाचून-लिहून आणि करून शिकणारे असे चार गट केले. यातूनच ‘मुलाचा प्रकार ओळखा आणि तसंच शिकवा’ हा व्यापार जगभर पसरला. गार्डनर यांनी स्वतः पुढं सांगितलं की माझं म्हणणं आणि हे शिकण्याचे प्रकार, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००८ साली चार अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तोवरचं संशोधन चाळून पाहिलं. मुलाला त्याच्या ‘प्रकारा’प्रमाणं शिकवलं तर ते जास्त शिकतं, याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. आणि बोटांच्या ठशांवरून शिकण्याची रीत कळते, याला तर शास्त्राचा आधारच नाही.

आवड मात्र प्रत्येकाची वेगळी असते, हे खरं. कुणाला ऐकायला आवडतं, कुणाला चित्र काढायला. पण आवडतं म्हणून तेवढ्यानंच जास्त येतं, असं नाही.

मग सगळ्यांना उपयोगी पडतं ते काय? २००६ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचून, मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढं होते. आठवड्यानं विचारलं, तेव्हा आठवून लिहिणारे पुढं गेले. म्हणजे बघा, जात्यावरची लेक न बघता ओवी म्हणायची, आणि लातूरची मुलं न बघता पेपर सोडवायची. दोन्हींचा गाभा एकच. आठवायचं, चूक कळली की सुधारायची, आणि काही दिवसांनी पुन्हा आठवायचं.

इथं मला माझीही एक चूक सांगायची आहे. काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात पडद्यावर तक्ते दाखवून हिशेब शिकवत होते. आमच्या गटातल्या एक अक्का काहीच बोलल्या नाहीत. मी अहवालात लिहिलं, ‘समजत नाही, अध्यक्षपदासाठी योग्य नाही.’ पुढं एकदा गटाची वही हरवली. त्याच अक्कांनी प्रत्येकीचा हप्ता, व्याज, थकबाकी तोंडी सांगितली. वही सापडल्यावर ताळा केला, एक रुपयाचा फरक नाही. त्यांना हिशेब येत होता, पडद्यावरचं लेखन येत नव्हतं. मग मी पासबुक समोर ठेवून, त्यांचा तोंडी हिशेब आणि छापलेला आकडा जोडून दाखवला. दोन-तीन महिन्यांत त्या आकडे वाचायला लागल्या. मीही तेव्हा शिक्काच मारला होता. माझ्या एका ओळीनं त्यांचं अध्यक्षपद एक वर्ष लांबलं.

म्हणून मैत्रिणींनो, तीन हजार रुपये न घालवता घरी काय करता येईल ते सांगते.

रोज संध्याकाळी लेकराला पुस्तक मिटायला लावा आणि म्हणा, “आज शाळेत काय झालं ते मला समजावून सांग.” तुम्हाला वाचता येत नसलं तरी चालतं. ते कुठं अडखळतंय, हे कानाला कळतं. अडखळलं की पुस्तक उघडून बघू द्या. तोच धडा उद्या, मग चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी पुन्हा विचारा.

गणितात अडलं तर वस्तू हातात द्या. अपूर्णांक शिकवायला भाकरीसारखं साधन नाही. अर्धी भाकर, चतकोर, चतकोराची पुन्हा अर्धी. हातानं मोडलं की मग कागदावर एक छेद चार लिहायला लावा. मोडून थांबू नका आणि नुसतं लिहूनही थांबू नका.

जुन्या प्रश्नपत्रिका शाळेतून मागून घ्या. घड्याळ लावून सोडवू द्या. चुकांची एक वेगळी वही करा. परीक्षेआधी अख्खं पुस्तक वाचण्यापेक्षा ती वही जास्त कामाची. लातूर पॅटर्नचा हा भाग घरात फुकट होतो.

दोन-तीन लेकरांना एकत्र बसवा. ज्याला येतं त्यानं दुसऱ्याला शिकवायचं. शिकवणाऱ्याचंही पक्कं होतं.

आणि एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. फळ्यावरचं दिसत नसेल, हाक ऐकू येत नसेल, किंवा चांगलं बोलणारं लेकरू अक्षरं उलटसुलट वाचत असेल, तर तो शिकण्याचा ‘प्रकार’ नाही. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं त्यांना सांगा, सरकारी दवाखान्यात दाखवा. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत जास्तीचा वेळ आणि इतर सवलती मिळतात. तो त्यांचा हक्क आहे.

पुढच्या बैठकीत मी हे सगळं मांडलं. कर्ज नामंजूर करा, असं मी म्हणाले नाही. पैसा गटाचा, निर्णय गटाचा. त्या ताई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मग तिला गणित येत नाही ते कशामुळं?” आम्ही मुलीलाच बोलावलं. तिला विचारलं तेव्हा कळलं, पाचवीत असताना ती आईबरोबर ऊसतोडीला गेली होती. भागाकार आणि अपूर्णांक शिकवले तेव्हा ती वर्गात नव्हतीच. चार वर्षं कुणी विचारलं नाही.

ठशांत हे कुठून दिसणार?

आता गटातल्या एकीची बारावी झालेली सून रोज अर्धा तास तिला पाचवीचं गणित शिकवते. तीन हजारांचं कर्ज ताईंनी मागं घेतलं. मुलीच्या नववीच्या परीक्षेला अजून अवकाश आहे, निकाल काय लागेल ते मला आज सांगता येणार नाही. पण परवा त्यांच्या घरी गेले, तेव्हा ती पोरगी भाकरीचे तुकडे ताटात मांडून धाकट्या भावाला शिकवत होती.

तुमच्याही घरातलं लेकरू कुठं अडलंय, हे आज त्यालाच विचारा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.